काळी पडलेली जोडवी

आई गेल्यानंतर दीडेक वर्षाने बाबा पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे सिंगापूरला आले. आम्ही पुंगोलला राहतो, अकराव्या मजल्यावर. बाल्कनीसमोरून एलआरटीची गाडी जाते, ड्रायव्हर नसलेली. मागच्या खेपेला, आई होती तेव्हा, त्या गाडीने बाबांना वेड लावलं होतं. ड्रायव्हर नाही तर ती नेमकी फलाटाच्या दारासमोरच थांबते कशी, वीज वरून घेते की खालून, पाऊस पडला की ब्रेक लवकर लावते का, असं विचारून विचारून त्यांनी माझ्या नवऱ्याला भंडावून सोडलं होतं. या खेपेला ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. गाडी यायची, जायची, आणि ते काहीच विचारायचे नाहीत.

बाबा साताऱ्याला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. प्रश्न विचारणं ही त्यांची फक्त शिकवण्याची पद्धत नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. भाजी घ्यायला गेले की मेथी कुठल्या मातीतली हे विचारल्याशिवाय पिशवीत टाकायचे नाहीत, आणि आई पुढे जाऊन दुसऱ्या भाजीवालीची टोपली बघत उभी राहायची. आता ते जेवायला बोलावलं की येत, ताटात पडेल ते खात आणि ‘छान झालंय’ म्हणत. हे ‘छान झालंय’ मला सहन होत नव्हतं. पूर्वी ते आमटीत चिंच घातली की आमसूल हे विचारल्याशिवाय दुसरा घास घ्यायचे नाहीत.

दोन आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी माझी मुलगी, जी त्या वर्षी दहावीला होती, भूगोलाचं पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते, तेही सिंगापुरी ‘ला’ लावून. बोलता बोलता ती म्हणाली की सिंगापूरमध्ये एक हॉट स्प्रिंग आहे, बेटाच्या उत्तरेला.

बाबांनी चष्मा काढला. “इथे? ज्वालामुखी नसताना?”

“नो व्होल्केनो, ला, आजोबा. बट हॅज हॉट वॉटर.”

“मग ते तापतं कशाने?”

मी स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर तशीच ठेवून मी दारात आले. पंधरा दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

रविवारी बाबा, मुलगी आणि मी असे तिघं गेलो. एमआरटीच्या मेट्रोने दोनदा गाडी बदलून, मग बसने, सेंबावांगला. झाडीतली एक छोटीशी बाग, मध्ये पायऱ्या-पायऱ्यांवरून उतरणारं पाणी, आणि त्यात पाय सोडून बसलेली सत्तरीपुढची मंडळी. काहींनी घरून बादल्या आणल्या होत्या. एका बाजूच्या नळाचं पाणी इतकं कढत की लोक भांड्यात अंडी घालून उकडत होते. बाबांनी शबनम पिशवीतून पीएच पेपरची पुडी काढली. ही पुडी त्यांच्या पिशवीत मला आठवतं तेव्हापासून आहे. आमच्याकडे आले की पहिल्याच दिवशी ते नळाचं पाणी तपासत. या वेळी पुडी बाहेर आली नव्हती, आणि मीही ती विसरले होते.

पट्टी हिरवी झाली. शेजारी बादलीत पाय घालून बसलेल्या एका चिनी आजोबांनी विचारलं, अंकल, हे काय तपासताय? बाबांनी त्यांना आपल्या इंग्रजीत सगळं समजावलं. पाऊस कातळाच्या भेगांतून खोल जातो, खाली दगड गरम असतो, तिथून पाणी दाबाने परत वर येतं. ज्वालामुखीची गरज नाही. आजोबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना एक अंडं सोलून दिलं.

परतताना बसमध्ये बाबा जरा नाराज होते. म्हणाले, पाणी फार सभ्य आहे. वास नाही, रंग नाही. तरुणपणी एकदा ते विद्यार्थ्यांना घेऊन कोकणात उन्हवऱ्याला गेले होते, तिथे गंधकाचा वास आधी आला होता आणि कुंड नंतर दिसलं होतं. ज्या डोंगराच्या पोटातून पाणी येतं, तिथेच जाऊन एकदा बघायला हवं होतं, असं म्हणाले. ‘बघायला हवं होतं’ यातला तो भूतकाळ मला लागला.

माझी रजा शिल्लक होती. मुलीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती आणि माझा नवरा घरीच थांबतील असं ठरलं. मी जपानच्या उंच डोंगरातलं एक जुनं, लाकडी विश्रामगृह शोधलं. बसच्या शेवटच्या थांब्यापुढे, गरम झऱ्याला लागून, दहा-बारा खोल्यांचं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, माझ्यासाठी कशाला एवढी यातायात. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी विचारलं की ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, आणि मी तिकिटं काढली.

मे महिना होता. सिंगापूरहून निघालो तेव्हा अंगाला घाम चिकटत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बस वळणं घेत चढायला लागली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळकट बर्फाचे ढीग होते. बाबांनी माझ्या नवऱ्याचं जाकीट घातलं होतं, ते त्यांना खांद्यांवरून उतरत होतं. शेवटच्या थांब्यावर विश्रामगृहाची बाई छोटी गाडी घेऊन आली होती. पन्नाशीची, पायात गमबूट, गालांवर थंडीने आलेली लाली. तिला इंग्रजीचे पाच-सहा शब्द येत होते. माझा सगळा भरवसा फोनवरच्या भाषांतरावर होता, आणि तिसऱ्या वळणाला फोनची रेंज गेली ती गेलीच.

आधी वास आला. बाबांनी खिडकीची काच खाली केली आणि दीर्घ श्वास घेतला, जसा कुणी मोगऱ्याचा घेईल. “हायड्रोजन सल्फाइड,” ते म्हणाले. “आता बरोबर.”

विश्रामगृह जुनाट होतं. काळपट लाकूड, उतरतं पत्र्याचं छप्पर, चालताना करकरणाऱ्या फळ्या. मागच्या उतारावरून जागोजाग वाफ निघत होती. खोलीत गादी जमिनीवरच घालायची होती आणि एक कोळशाची शेगडी होती. स्नानासाठी खाली एका अंधाऱ्या बोळात दोन पडदे लटकत होते, निळा पुरुषांचा, तांबडा बायकांचा. आणि इथे माझ्या लक्षात आलं की बाबांना आत एकट्यालाच जावं लागणार. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रक्तदाबाची गोळी चालू, ओल्या फरशीवर, भाषा न येणाऱ्या लोकांत. मी त्यांना निक्षून सांगितलं, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ते हो म्हणाले, आणि पुडी हातात घेऊन पडद्याआड गेले.

माझी पंचाईत वेगळीच होती. आत अंगावर काहीही घालून जायचं नसतं हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. बायकांच्या बाजूला दोन म्हाताऱ्या आधीच होत्या, पाटासारख्या बुटक्या स्टुलांवर बसून अंग घासत. मी छोटा टॉवेल छातीशी धरून कितीतरी वेळ दाराशी घुटमळले. शेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी आईसमोरही अशी उभी राहिले नव्हते. त्यांतली एक म्हातारी उठली, शेजारचं स्टूल तिने पाण्याने खळखळून धुतलं आणि त्यावर हात थोपटला. मी जाऊन बसले. तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यानेच मला धीर आला.

कुंड लाकडाचं होतं आणि पाणी दुधाळ निळं. पहिल्या पायरीला वाटलं की हे जमणार नाही, इतकं गरम. मग पोटरी, मग कंबर, मग गळा. पाण्यात असताना टॉवेल डोक्यावर ठेवायचा असतो हे मी बघून शिकले. खिडकीबाहेर बर्फाचा एक तुकडा उन्हात वितळत होता आणि आत माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. पाण्याची चव ओठाला लागली तर ती आंबट. मला वाटलं, बाबांना हे सांगायला हवं. मग वाटलं, त्यांनी आतापर्यंत चाखून पाहिलंही असेल.

बाहेर येऊन अंग पुसताना त्याच म्हातारीने माझ्या पायांकडे बोट दाखवलं आणि हळहळल्यासारखा आवाज केला. मी खाली पाहिलं. पायांतली चांदीची जोडवी काळीकुट्ट झाली होती. आईने माझ्या लग्नात सातारच्या सराफाकडून घेतलेली ती जोडवी मी काढायची विसरले होते. विसरले म्हणजे, ती वेगळी काही आहेत हेच माझ्या मनात आलं नव्हतं. मी टॉवेलने घासली. काळेपणा हलेना. तिथेच खाली बसून मी नखाने खरवडत राहिले, आणि अचानक मला रडू येईल असं वाटलं.

तशीच बाहेर आले. बोळात बाबा नव्हते. मी बाकावर बसले. पाच मिनिटं, दहा, पंधरा. निळ्या पडद्याआडून पाण्याचा आवाज येत होता, माणसाचा नाही. हाक मारली तर उत्तर नाही. आत जाता येत नव्हतं. अर्धा तास झाला. मी धावत जाऊन विश्रामगृहाच्या बाईला आणलं आणि खुणांनी सांगितलं, माझे वडील, आत. तिने पडद्यातून डोकं घालून कुणाला तरी काही विचारलं. आतून उत्तर आलं. ती माझ्याकडे वळली आणि हसली.

थोड्या वेळाने पडदा बाजूला झाला आणि बाबा आले, तिथला निळापांढरा सुती झगा अंगात, चेहरा बीटासारखा लाल. त्यांच्यासोबत त्यांच्याच वयाचा एक काटकुळा म्हातारा होता. मी रागाने काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “अगं, आत तक्ता आहे.”

झालं होतं ते असं. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर, चौकटीत, झऱ्याच्या पाण्याचं पृथक्करण लावलेलं होतं. सगळं जपानीत. पण मध्ये रकाने, आणि रकान्यांत सोडियम, कॅल्शियम, सल्फेट, क्लोराइड, ज्याच्या त्याच्या चिन्हाने, प्रभारासकट. बाबा पाण्यात पाच मिनिटंही नव्हते. बाकीचा सगळा वेळ ते कमरेला टॉवेल गुंडाळून तो तक्ता वाचत होते. तेवढ्यात हा म्हातारा आला. तो या झऱ्याची देखभाल करणारा, विश्रामगृहाच्या बाईचा मोठा दीर. बाबांनी तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. त्याने मान डोलावली. मग बाबांनी आपली पट्टी भिजवून दाखवली, ती नारिंगी झाली होती. त्याने वाफेने धुरकटलेल्या आरशावर बोटाने सूत्र लिहिलं, बाबांनी त्याखाली दुसरं लिहिलं. बराच वेळ दोघं आरसा भरत बसले होते. माझी हाक त्यांनी ऐकलीच नव्हती.

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी पाय पुढे केला.

बाबा वाकले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जोडवी नीट पाहिली. मला वाटलं, ते आईबद्दल काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “गेलेली नाहीत ती. वर नुसता थर आहे, सिल्व्हर सल्फाइडचा. काढ बघू.”

मी साबण लावून जोडवी काढली. त्यांनी ती तळहातावर घेतली, त्या म्हाताऱ्याला दाखवली आणि मग बोळातल्या खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने लिहिलं, एनएएचसीओथ्री. म्हाताऱ्याने ते वाचलं. मग त्याने आत वळून स्वयंपाकघराकडे आवाज दिला.

खाण्याचा सोडा तिथे होता. डोंगरात बर्फ वितळल्यावर उगवणाऱ्या नेच्याच्या कोंबांचा कडवटपणा काढायला ते तो वापरतात, हे आम्हाला नंतर रात्रीच्या ताटात कळलं. ॲल्युमिनियमची फॉइल मासे भाजायला होतीच. बाबांनी एका वाडग्याला आतून फॉइल लावली, सोडा टाकला, चिमूटभर मीठ टाकलं, आणि उकळतं पाणी मागितलं. तोवर स्वयंपाकघरात विश्रामगृहाची बाई, स्वयंपाकीण, म्हातारा आणि आंघोळ आटोपून आलेल्या त्या दोघी म्हाताऱ्या जमल्या होत्या. बाबांनी वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवला. दोन पावलं मागे गेले, झग्याच्या बाह्या सारख्या केल्या. ती हालचाल मी ओळखली. मी त्यांच्या कॉलेजात अकरावीला होते, शेवटच्या बाकावर. प्रयोग सुरू करण्याआधी ते असेच मागे सरून सगळ्यांना दिसतंय ना याची खात्री करायचे.

“आता जोडवी फॉइलला टेकली पाहिजेत,” ते मराठीत म्हणाले. “नुसती पाण्यात सोडून चालणार नाही. का?”

कुणालाच मराठी येत नव्हतं. ते तरीही उत्तरासाठी थांबले. मग म्हाताऱ्याने दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना टेकवल्या आणि आपल्या भाषेत एक शब्द उच्चारला. बाबांनी मान हलवली, जशी बरोबर उत्तर देणाऱ्याला ते हलवत.

बुडबुडे आले. सडक्या अंड्यांचा वास आला आणि सगळ्यांनी नाकं मुरडली. दोनेक मिनिटांनी बाबांनी जेवायच्या लाकडी काड्यांनी एक जोडवं उचललं, त्यांना त्या काड्या धरता येत नव्हत्या म्हणून दोनदा निसटलं, आणि टॉवेलने पुसलं. ते पांढरं होतं. ज्या म्हातारीने माझ्यासाठी स्टूल धुतलं होतं तिने ते हातात घेऊन उजेडात धरलं आणि शेजारणीला दिलं. असं ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरत माझ्याकडे आलं. अजून कोमट होतं.

सकाळी नाश्ता झाल्यावर म्हातारा आमच्या दाराशी दोन गमबुटांचे जोड घेऊन उभा होता. बोटाने वर डोंगराकडे दाखवत होता. अर्ध्या तासाची चढण होती. बाबा दर वळणावर थांबत, आणि मला कळायचं नाही की दम लागलाय की काही बघतायत. पाणी वरून उघड्या लाकडी पन्हळींतून येत होतं, एका पन्हळीतून दुसरीत, नागमोडी. बाबांनी विचारलं, एवढा वळसा कशाला? मला काय माहीत. पण ते मला विचारत होते, आणि मी विचार करायला लागले. पुढे गेल्यावर आमचं आम्हालाच उमगलं. थंड पाणी मिसळलं तर झऱ्याचं पाणी पातळ होईल, म्हणून त्याला लांबून फिरवत फिरवत निववायचं. वाटेत म्हातारा एका फळीने पन्हळ अर्धवट अडवायचा, पाणी कमी-जास्त करायचा, बोट बुडवून बघायचा.

उगमाशी जमीन पिवळी होती आणि भेगांतून कुकरच्या शिटीसारखा सतत आवाज येत होता. म्हाताऱ्याने एका मर्यादेपुढे आम्हाला जाऊ दिलं नाही. बाबांनी लांब काठीच्या टोकाला पट्टी बांधून ती पाण्याला लावली. ती लालभडक झाली आणि त्यांनी ती मला कितीतरी वेळ दाखवली. मग काठीने बर्फावर एफई लिहून त्यावर फुली मारली आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं, लोखंडी नळ चालत नाहीत ना? म्हाताऱ्याने झुडपाआडून जुन्या लोखंडी नळाचा एक तुकडा आणला आणि हाताने मोडला. तो खारी बिस्किटासारखा मोडला.

पन्हळींत गंधकाचा लेप साचतो, तो रोज खरवडावा लागतो. म्हाताऱ्याने लाकडी खुरपं बाबांच्या हातात दिलं. ते उकिडवे बसून खरवडायला लागले. मी म्हटलं, बाबा, गुडघे. ते ऐकत नव्हते. थोड्या वेळाने, मान वर न करता, म्हणाले, “तुझी आई आली असती ना, तर इथवर आलीच नसती. खालीच थांबून म्हणाली असती, वास येतोय, या लवकर.”

दीड वर्षात त्यांनी आईबद्दल माझ्याशी काढलेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, आणि तुम्ही लवकर आला नसता. ते म्हणाले, कधीच नाही आलो. मग खरवडत राहिले. म्हातारा शेजारच्या पन्हळीवर बसून तेच करत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. विश्रामगृहाच्या बाईने नेच्याच्या कोंबांचं लोणचं बांधून दिलं. म्हातारा आणि बाबा एकमेकांना वाकून नमस्कार करत राहिले, कुणी आधी थांबायचं ते दोघांनाही कळेना. बस उतरायला लागली तशी बर्फाचे ढीग मागे पडले, बाबांनी नवऱ्याचं जाकीट काढून मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता झोपतील.

“तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?” त्यांनी विचारलं.

सिंगापूरला येऊन मला पंधरा वर्षं झाली होती. ते सगळ्यांना ‘ती आयटीत आहे’ एवढंच सांगत, आणि मीही त्यापुढे कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडतंय का ते बघते.

“म्हणजे नमुना तपासतेस.”

“जवळजवळ.”

“मग नमुना घेतेस कसा? सगळं तर तपासता येणार नाही.”

हा नेमका तो प्रश्न होता ज्यावर आमच्या टीमचे दर आठवड्याला वाद होतात. उतारावर माझे कान बंद झाले होते. मी एकदा आवंढा गिळला, बाबांच्या बाजूला वळून बसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.